रीफ टँकमधे थवा हवाय? क्रोमिस, अँथियास की कार्डिनल

रीफ टँकमधे, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधे, कोरल धरायला लागले की पुढची इच्छा हमखास हीच, मधल्या मोकळ्या पाण्यात एकसारख्या माशांचा थवा फिरावा. इच्छा अगदी रास्त आहे. पण समुद्रात हे मासे एकमेकांना चिकटून राहतात ते मुख्यतः मोठ्या माशांच्या भीतीने, आणि टँकमधे खायला येणारं कोणी नाही हे त्यांना लवकरच कळतं, मग थवा सैल होतो आणि आपसात वरचढ कोण ते ठरवणं सुरू होतं. म्हणून दिसायला कोण भारी यापेक्षा, भीती गेल्यावर कोण एकमेकांना जगू देतो हे बघून मासा निवडा असं माझं ठाम मत आहे.

ग्रीन क्रोमिस सगळ्यात आधी सुचवला जातो कारण तो स्वस्त, हिरवी-निळी चमक, कोरलला त्रास नाही, जे टाकाल ते खातो. पण हा भांडखोर डॅमसेल माशांच्याच कुळातला. सुरुवातीला सात-आठ जण मस्त एकत्र फिरतात, मग त्यातला सगळ्यात कमजोर कोपऱ्यात दिसायला लागतो, शेपटी कुरतडलेली, तो गेला की नंबर पुढच्याचा, असं करत करत शेवटी एक-दोनच उरतात, आणि हा अनुभव इतक्या जणांचा आहे की त्याला अपवाद म्हणता येत नाही. वर युरोनेमा या सूक्ष्म परजीवीचा धोका, अंगावर लाल जखमा दिसल्या की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, आणि हा परजीवी मासे नसतानाही टँकमधे टिकून राहतो. एकाच साइजचे, सगळे एकदम टाकले, दिवसातून अनेकदा खाऊ घातलं तर भांडणं कमी होतात, थांबतीलच असं नाही.

अँथियासचं गणित वेगळं आहे. हे सगळे आधी मादी असतात, गटातली सगळ्यात दमदार मादी नर होते, रंगसुद्धा बदलतो, आणि नर मेला तर पुढची मादी त्याची जागा घेते. म्हणून एक नर आणि पाच-सहा माद्या घ्या, किंवा नुसत्या माद्याच घ्या, नर त्या स्वतःच ठरवतील. त्यातला लायरटेल खूप सुंदर पण दांडगट, 12 सेंमीच्या आसपास वाढतो, सहा फुटी टँक नसेल तर नकोच. बार्टलेट आकाराने लहान आणि तब्येतीने चिवट, पहिल्यांदा अँथियास ठेवणाऱ्याने हाच बघावा. खरी अडचण खाण्याची. रीफवर हे दिवसभर प्लँक्टन टिपत असतात, त्यामुळे एकदा खायला देऊन भागत नाही, किमान तीन-चार वेळा मायसिस किंवा कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) द्यावे लागतात, आणि तेवढं खाणं म्हणजे पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट ही घाण वाढणार, ते पेलणारा स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) हवा. दिवसभर घरी कोणी नसेल आणि ऑटो फीडरही नसेल तर अँथियास घेऊ नका, हळूहळू बारीक होत जातात आणि ते बघवत नाही.

राहिले कार्डिनल. इथे दोन जातींमधे गल्लत करू नका. बांगाई कार्डिनल मूळचा फक्त इंडोनेशियाच्या बांगाई बेटांजवळचा, समुद्रात धोक्यात आलेला, त्यामुळे टँकमधे पैदास केलेलाच घ्या, आणि तोही जोडीनेच, कारण गटात एकदा जोडी जमली की ती बाकीच्यांना मारून काढते. नर अंडी तोंडात सांभाळतो आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत काही खात नाही, हे घरी बघायला मिळणं म्हणजे वेगळंच सुख. पजामा कार्डिनल मात्र खराखुरा गटात राहणारा. शांत, साधारण 8 सेंमीचा, पाच जण टाकले तर सहसा पाचही राहतात. तो सरसर पोहत नाही, दिवसा एका जागी तरंगत असतो आणि अंधार पडला की हलायला लागतो. ज्यांना सळसळता थवाच हवाय त्यांना हे संथ वाटेल, मला तर लाइट मंद झाल्यावर त्यांचा घोळका बघत बसायला फार आवडतं.

फ्लोचाही, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाचाही, विचार करा. एसपीएस (बारीक पॉलिपच्या कडक) कोरलसाठी जोरात वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) चालू असेल तर त्यात अँथियास खुशीत राहतो, पजामा मात्र आडोशाला जाऊन बसतो. मऊ कोरलच्या, कमी फ्लोच्या अडीचशे-तीनशे लिटरच्या टँकमधे मी डोळे झाकून पजामा सांगेन. मोठा टँक, दमदार स्किमर आणि वेळ असेल तर बार्टलेट, आणि तो टँग वगैरे हक्क गाजवणारे मासे टाकायच्या आधी, सगळे एकदम, क्वारंटाइन करूनच. आणि वर जाळीचं झाकण लागेलच, दचकले की अँथियास थेट बाहेर उडी मारतात.