‘ग्रीन होम’ म्हणून पैसे घेतले आणि गच्चीत थर्माकोल भरला

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीये, पण पुण्यात सूस, म्हाळुंगे, बावधनकडे ज्यांचं स्वतःचं घर बांधायचं चाललंय त्यांनी पूर्ण वाचा. नाव घेत नाहीये कारण तक्रार चालू आहे.

सूसला आमचा छोटा प्लॉट होता. घर बांधायचं ठरलं तेव्हा ओळखीतून एक ‘सस्टेनेबल होम्स’ करून देणारा कॉन्ट्रॅक्टर मिळाला. ऑफिस एकदम चकाचक, भिंतीवर खरी झाडं, प्यायला पाणी तांब्याच्या लोट्यातून, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण आजवर राहत होतो ती घरंच नव्हती. ताई तुम्हाला एसी लागणारच नाही, लाइट बिल झिरो, पावसाचं पाणी वर्षभर पुरेल. यासाठी साध्या बांधकामापेक्षा चौरस फुटाला ४५० रुपये जास्त.

त्याचे दोन दावे तर घरी बसून कागदावरच फसले. म्हणे १२०० चौरस फुटाच्या गच्चीवरून ३ लाख लिटर पाणी मिळेल. आता पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस, १२०० चौरस फूट म्हणजे १११ चौरस मीटर, करा गुणाकार, थेंब न् थेंब साठवला तरी ७८ हजार लिटर होतात. सोलरचं पण तसंच, ३ किलोवॅटमधून रोज २० युनिट सांगत होता, आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर किलोवॅटमागे ४ युनिटच्या आसपास, म्हणजे १२. आणि बिल झिरो वगैरे काही नसतं, नेट मीटरिंग झालं, म्हणजे सोलरची जादा वीज बिलातून वजा झाली, तरी महावितरणचा स्थिर आकार येतोच. हे आम्ही त्याला तोंडावर विचारलं तर हसून म्हणाला, ‘काका, प्रेझेंटेशनमध्ये थोडं राउंड फिगर करतो आम्ही.’ काका म्हणजे माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या फॅक्टरीत झाली, रिटायर झाले तरी व्हर्नियर, म्हणजे जाडी अचूक मोजायचं साधन, कपाटात असतो. हा व्हर्नियर पुढे कामाला आला म्हणून सांगतेय.

सोलरचं काम म्हणून आम्ही त्याला दिलंच नाही, पण घर त्याच्याकडूनच केलं, कारण बाकीचं कोटेशन व्यवस्थित होतं. गच्चीत कोब्याखाली (वरच्या सिमेंटच्या थराखाली) ५० मिमी एक्सपीएस शीट, म्हणजे उष्णता अडवणारी घट्ट फोमची शीट, पश्चिमेच्या खिडक्यांना लो-ई (उष्णता परतवणारं कोटिंग असलेली) काच असलेलं डबल ग्लेझिंग, म्हणजे दुहेरी काच, बाहेरच्या भिंतींना एएसी ब्लॉक, म्हणजे हलके सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. भिंती डोळ्यासमोर उभ्या राहिल्या, त्यात त्याला काही फसवाफसवी करता आली नाही, ब्लॉकचा तुकडा बाबांनी पाण्याच्या पिंपात टाकून बघितला, तरंगला. खेळ झाला तो गच्चीत. वॉटरप्रूफिंग आणि कोब्याचं काम नेमकं आम्ही गावाला लग्नाला गेलो तेव्हा उरकलं, आलो तर वर कोबा घालून पाणी सोडलेलं. म्हणाला पाऊस येणार होता ताई, थांबता आलं नसतं.

राहायला गेलो आणि पहिल्याच एप्रिलमध्ये वरच्या बेडरूममध्ये झोपणं मुश्किल झालं. रात्री अकराला स्टुलावर चढून छताला हात लावला तर गरम, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री सगळी उष्णता आत सोडतोय. त्याला फोन केला तर म्हणे नवीन घर आहे, एक सीझन जाऊ द्या.

मग सोलरवाला आला. स्ट्रक्चरच्या पायांसाठी कोब्याला भोक पाडलं तर ड्रिलच्या बिटाबरोबर पांढरे मणी उडाले. मुलगा थांबला आणि म्हणाला, ‘ताई, हा तर थर्माकोल आहे.’ एक्सपीएस असे मणी सोडत नाही, त्याची शीट घट्ट असते, आमच्या सँपलची निळी होती, कापली की सलग कापली जाते. बाबांनी भोकाशेजारचा कोबा फोडून तुकडा काढला, व्हर्नियर लावला, १२ मिमी. दुसऱ्या टोकाला भोक पाडलं तर तिथे तेही नाही, कोबा आणि थेट स्लॅब. बिलात मात्र पूर्ण गच्चीला ५० मिमी एक्सपीएस.

हा फरक किरकोळ नाहीये. केंद्राच्या बीईईने (ऊर्जा बचतीचं काम बघणारी संस्था) २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आणली, त्यात छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून किती उष्णता आरपार जाते त्याचा आकडा, १.२ च्या वर नको असं आहे. ५० मिमी एक्सपीएस घातला की तो आरामात खाली येतो, नुसता स्लॅब आणि कोबा दुपटीच्या वर जातो.

मग खिडक्या तपासल्या. डबल ग्लेझिंगसमोर रात्री लायटर पेटवून धरा, ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. लो-ई कोटिंग असेल तर त्यातल्या एकाचा रंग वेगळा दिसतो. आमच्या सगळ्या खिडक्यांत चारही सारख्या. म्हणजे काचा दोन आहेत पण साध्या, पैसे कोटिंगचे घेतलेत.

आणि ते सोनेरी ‘ग्रीन होम सर्टिफिकेट’ त्याने स्वतःच छापलेलं निघालं. बोलताना सारखं ‘आम्ही आयजीबीसी एपी’ म्हणायचा, आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. ती त्या माणसाने दिलेली परीक्षा आहे हो, तुमच्या घराचं रेटिंग नव्हे. घराला ग्रीह (दुसरी ग्रीन रेटिंग पद्धत) किंवा आयजीबीसीचं रेटिंग हवं असेल तर प्रोजेक्ट त्यांच्याकडे रजिस्टर करावा लागतो, तुमच्या प्रोजेक्टचा नंबर मागा, नसेल तर विषय संपला.

कोणाचं काम चालू असेल तर एवढं कराच. जे काही पुढे झाकलं जाणार आहे त्याचा हप्ता झाकायच्या आधी तुम्ही किंवा तुमचा माणूस बघून, जाडी मोजून, तारखेसकट फोटो काढल्यावरच सोडायचा, आणि हे करारात लिहून घ्यायचं. शीटच्या पॅकेटवरचं लेबल आणि डीलरचं जीएसटी बिल मागायचं. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने डीलरचं बिल शेवटपर्यंत दिलं नाही, ‘मटेरियल आमच्या गोडाऊनचं आहे’ हे उत्तर. सोलर घेताना पीएम सूर्य घरची सबसिडी, ३ किलोवॅटला ७८ हजार, ती तुमच्याच बँक खात्यात येते, व्हेंडर रोख मागत असेल ‘सबसिडी मंजूर करायला’ तर त्याला चहा पण देऊ नका.

पोलीस चौकीत गेलो तर सिव्हिल मॅटर म्हणाले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, नोटीस पाठवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती टाकावी लागते हे लक्षात असू द्या, ‘एक सीझन जाऊ द्या’ म्हणणारे याच हिशोबाने म्हणत असतात असं आता वाटतंय. नोटिशीला त्याचं उत्तर आलंय की थर्माकोल सोलरवाल्याने घुसवला असेल. कोब्याखाली, स्लॅबच्या वर, भोकातून! बाबांनी तो तुकडा, फोडलेल्या कोब्यासकट, पिशवीत सील करून ठेवलाय.

म्हाळुंगेला त्याचा नवीन बोर्ड लागलाय, या वेळी ‘नेट झिरो व्हिला’. तिथे कोणी बुकिंग केलं असेल तर मेसेज करा, कोटेशन आणि गच्चीचे फोटो पाठवते.