तांबं की सीपीव्हीसी? आधी गिझरचा काटा बघा

कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम फोडलं, तेव्हा प्लंबरने भिंतीतून काढलेला जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा तुकडा हातात दिला. आत गंजाची पुटं चढून पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेलं. बोट फिरवलं तर बुळबुळीत. नवा पाइप कुठला, यावर घरात आठवडाभर खल झाला. तुमच्याकडेही तेच चालू असेल तर आमचा हिशेब असा.

भीती होती पाण्याच्या पाइपांत वाढणाऱ्या लिजिओनेला नावाच्या जंतूची. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली, तिथून हे नाव पडलं. शॉवरच्या बारीक तुषारांतून तो फुफ्फुसात जातो. (२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडे जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, ती गोष्ट वेगळी. तिथे संशय पिण्याच्या पाण्यावर होता, आणि त्याला उपाय उकळण्याचा.)

जीआय सरळ बाद. गंजातलं लोह या जंतूला पोसतं आणि पाण्यातलं क्लोरीनही गंजच खाऊन टाकतो.

बाबांचा कल तांब्याकडे, डोळ्यांसमोर वाड्यातला बंब. तांबं जंतूंना मारतं हे खरं, पण पाइप नवा असेपर्यंत. आत क्षारांचा थर बसला की तो गुण ओसरतो. टँकर-बोअरचं जड पाणी येणाऱ्या सोसायटीत तर थर बसायला वेळ लागत नाही. शिवाय भाव ऐकून बाबाच गप्प झाले.

सीपीव्हीसी हा गरम पाण्यासाठी बनवलेला प्लास्टिकचा पाइप. तो जंतू मारत नाही. गंजतही नाही आणि गरम पाणी निमूट सोसतो. पीपीआर हा दुसरा प्लास्टिकचा पाइपही चांगला, फक्त सांधे मशीनने वितळवून जोडणारा हात सराईत हवा. साधा पांढरा यूपीव्हीसी गरम लाइनला अजिबात नको.

पण खरा फरक पाइपापेक्षा तापमानाने पडतो. हा जंतू २० ते ४५ अंशांत वाढतो. ६० अंशांवर अर्ध्या तासात बहुतेक मरतो, ७० वर जवळपास लगेच. आणि आपण काय करतो? बिल वाचवायला गिझरचा काटा ४० वर. पावसाळ्यात गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत तर दिवसेंदिवस कोमट पाणी, म्हणजे जंतूंना आयतं घर. साठवणीचा गिझर ६० वर ठेवा, सोलरला ढगाळ दिवसांत विजेची कॉइल लावा. मात्र ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत भाजतं, तेव्हा बादलीत आधी गार पाणी घ्या. घरात लहान मूल असेल तर मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवाच. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरात पाणी साचून राहतच नाही फारसं, त्यामुळे तिथे ही काळजी कमी.

आम्ही सीपीव्हीसी घेतला. बाल्कनीतल्या जुन्या वॉशिंग मशीनकडे जाणारा, वर्षानुवर्षं न वापरलेला फाटा प्लंबर तसाच ठेवणार होता. "राहू द्या काका, पुढेमागे लागेल." आत पाणी नुसतं साचून राहणार होतं. तो टी-पाशीच, म्हणजे मुख्य पाइपातून फुटतो तिथेच, तोडून बंद करायला लावला.