‘ड्रम नको’ म्हटलं तरी ड्रमच: वर्णनावरून गाणं शोधण्याचा काही महिन्यांचा अनुभव

माझ्या गाण्यांच्या ॲपमध्ये हवं तसं गाणं वर्णन लिहून शोधता येतं, पण ‘ड्रम नको’ असं लिहिलं की हमखास ड्रमच वाजतात. ॲपचे वर्षाचे पैसे एकरकमी भरले आहेत, त्यामुळे ही तक्रार मी सविस्तर करणार आहे.

गाण्याचं नाव माहीत नसताना वर्णन लिहून शोधायची सोय आता नवी नाही. गुणगुणून ओळखायची सोय गूगलने २०२० मध्येच आणली, पण त्यासाठी चाल डोक्यात असावी लागते. मला आजवर न ऐकलेलं हवं असतं. रात्री काम करताना शब्द नसलेलं, ठेका नसलेलं व्हायोलिन लागतं. तसं लिहिलं की पहिल्या दोन-तीन गाण्यांतच धडधड सुरू! ‘अजिबात नको’, ‘ड्रमशिवाय’, ‘ड्रम वगळून’, सगळं लिहून झालं. कस्टमर केअरचं उत्तर आलं, ॲप अपडेट करा. केलं. ड्रम जागच्या जागी.

मग चिडून या तंत्राबद्दल वाचत बसले. गूगलच्या २०२२ सालच्या ‘म्युलान’सारख्या एआय मॉडेलमध्ये वाक्य आणि आवाज या दोन्हींचे आकडे होतात आणि ज्यांचे आकडे जवळ येतात ती गाणी समोर येतात. ते शिकलं गाण्यांची शीर्षकं, टॅग, प्लेलिस्टची नावं यांवरून. अशा मजकुरात गाण्यात काय आहे हे असतं, काय नाही हे क्वचितच कोणी लिहितं. म्हणून ‘ड्रम’ शब्द दिसला की शोध तिकडेच ओढला जातो, ‘नको’ला वजनच मिळत नाही.

तेव्हापासून मी नकार लिहिणंच सोडलं. ‘एकटं व्हायोलिन, अतिशय संथ, मोठ्या रिकाम्या सभागृहात वाजवल्यासारखं’ असं लिहिते, आणि खरं सांगते, जे मिळतं त्याने मी हरखून गेले आहे. नावावरून शोधून कधीच हाती लागले नसते असे वादक सापडले. ‘उदास’, ‘छान’ असलं लिहू नका, काहीही येतं. वाद्य, लय आणि जागा लिहा.

‘हळू सुरू होऊन शेवटी चढत जाणारं’ मात्र अजून नीट सापडत नाही. म्युलान १० सेकंदांच्या तुकड्यांवर शिकलेलं आहे. हे ॲपही तसंच असेल, तर अख्ख्या गाण्याचा चढ त्याला दिसणार कसा?

पण माझा मुद्दा ड्रमचाच. आवाजावरून वाद्य ओळखणारी मॉडेल्स आहेत, मग ‘हे वाद्य वगळा’ असं एक बटण द्यायला काय हरकत आहे? ते आलं तर पुढच्या वर्षाचे पैसे आनंदाने भरेन. नाही आलं तर मोफत आवृत्तीवर जाईन आणि जाहिराती सहन करेन.