फुकटची फॅमिली 'कामिनाता', आजीसकट: अलम रॉकच्या ग्रुप वॉकचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी लॅटिनो, म्हणजे मेक्सिको वगैरे लॅटिन अमेरिकेकडच्या घरातली, नाही. शेजारीण मेक्सिकोतल्या मिचोआकानची आहे, तिच्या फोनवर एका ग्रुपचा स्पॅनिश मेसेज आला, कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या अलम रॉक पार्कात शनिवारी सकाळी फॅमिली वॉक, फुकट, कोणीही या. ती म्हणाली तू पण चल, मी म्हटलं मला तुमची भाषा येत नाही, तर म्हणे चालायला कशाला भाषा लागते. गेले मुलीला घेऊन. ग्रुपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लहान आहे, सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करतात आणि मी खाली थोडी कुरकुर पण करणार आहे.

पहिली गोष्ट, मेसेजमध्ये हाईक हा शब्दच नव्हता. 'कामिनाता फामिलियार' म्हणजे घरच्यांबरोबर फिरणं, बस. हाईक म्हटलं की महागडे बूट, दोन काठ्या आणि पाठीवर पाण्याची पिशवी असलेली माणसं डोळ्यासमोर येतात. इथे शेजारणीची आई, सगळे तिला आबुएला, म्हणजे आजी, म्हणत होते म्हणून मी पण म्हणायला लागले, साध्या चपलांपेक्षा जरा बऱ्या अशा बुटांत आणि कडक इस्त्रीच्या ब्लाउजमध्ये आली होती. बाई तेवीस वर्षं ईस्ट सॅन होजेत राहते, किचनच्या खिडकीतून हाच डोंगर दिसतो, आणि इथे पाऊल पहिल्यांदा ठेवतेय! मी विचारलं का हो, तर लेकीने ट्रान्सलेट करून सांगितलं की कोणी या म्हटलं नाही, आणि एकदा दुसऱ्या कुठल्यातरी पार्कात गेटवर युनिफॉर्मवाला बघून हे लोक गाडी वळवून परत आले. रेंजरचा, म्हणजे पार्कच्या रखवालदाराचा, युनिफॉर्म आणि बॉर्डरवाल्या पोलिसांचा युनिफॉर्म लांबून सारखाच दिसतो, कागद नीट असले तरी पोटात गोळा येतोच. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं. या वॉकला सगळे व्हॉलंटियर साध्या टी-शर्टात होते, ते का ते मला तेव्हा कळलं.

वॉक लीडर मुलगी पंचविशीची असेल, पण माहिती भारी. हे पार्क १८७२ चं, कॅलिफोर्नियातल्या सगळ्यात जुन्या म्युनिसिपल पार्कांपैकी, ओढ्याकाठी दगडी कोनाडे बांधलेले आहेत त्यातून खनिज पाण्याचे झरे येतात, १८९० ते १९३२ लोक इथे तब्येत सुधारायला यायचे. (वास सडक्या अंड्याचा, तब्येत कशी सुधारायची देव जाणे.) ओढ्याचं नाव पेनिटेन्सिया म्हणजे प्रायश्चित्त, माझ्या मुलीने लगेच विचारलं मग पाय बुडवला तर पाप जातं का. त्या मुलीने आधी ही जमीन ओलोनी या इथल्या मूळ रहिवासी लोकांची हे सांगितलं, मग १७७५-७६ मध्ये आन्सा या स्पॅनिश अधिकाऱ्याबरोबर मेक्सिकोतून अडीचशेच्या आसपास माणसं बायकापोरांसकट चालत आणि घोड्यांवर इकडे आली, त्यातल्याच काहींनी १७७७ मध्ये सॅन होजे वसवलं. मग हसून म्हणाली, म्हणजे आपल्या लोकांना चालायला कोणी शिकवायची गरज नाही. सिएरा नेवाडा म्हणजे बर्फाळ डोंगररांग, पासो रोब्लेस म्हणजे ओकांची वाट, नावं सगळी यांच्या भाषेतली आणि माहितीचे बोर्ड बहुतेक ठिकाणी इंग्रजीत! २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियातले जवळपास ३९ टक्के लोक लॅटिनो निघाले, ट्रेलवर मात्र ते प्रमाण काही दिसत नाही.

सगळ्यात मजा आबुएलाची. पॉयझन ओक, अंगाला खाज आणणारं झुडूप, दाखवला, तीन तीन पानं एकत्र, हात लावायचा नाही, ते तिने मुकाट्याने ऐकलं, पण पुढे बे लॉरेलचं, म्हणजे तमालपत्रासारख्या वासाच्या पानांचं, झाड आलं तर तिने पान चुरगाळून हुंगलं आणि लीडरलाच शिकवायला लागली की हे भांड्यात टाकायचं तर अर्धंच टाक, नेहमीच्यापेक्षा उग्र आहे. त्यानंतर ती पुढे आणि बाकी आम्ही मागे.

शेवटी जेवण. तामाले (मक्याच्या पिठात सारण भरून पानात वाफवलेले), लिंबू-तिखट लावलेली फळं आणि हामाइका, म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, मी तीन ग्लास प्यायले. माणसं तीसेक, टेबलं जोडून जोडून बसलो. तिथे एक काका म्हणाले योसेमिटी नॅशनल पार्कात तंबूच्या एका जागेवर (कॅम्पसाइटवर) जास्तीत जास्त ६ माणसं, आमच्यात तर सहा जण नुसते भाऊच आहेत. शिवाय तिथलं बुकिंग पाच महिने आधी १५ तारखेला सकाळी ७ ला उघडतं आणि बघता बघता संपतं, त्या वेळी यांच्यातले निम्मे कामावर पोचलेले असतात. निघताना व्हॉलंटियरनी एक स्पॅनिश कागद दिला, तो मला फार कामाचा वाटला: लायब्ररीच्या कार्डावर पुस्तकासारखा स्टेट पार्कचा पास घरी नेता येतो, आणि चौथीतल्या मुलामुळे अख्ख्या घराला नॅशनल पार्कात एन्ट्री फुकट. माझी मुलगी चौथीत आहे आणि हे मला शाळेतून नाही, इथे कळलं.

आता कुरकुर. ९ ची वेळ होती, निघालो पावणेदहाला, तोपर्यंत ऊन चढलेलं. पाणी आम्ही देऊ असं लिहिलं होतं पण बाटल्या अर्ध्या वाटेतच संपल्या, पोरं रडकुंडीला आली. नावनोंदणी फक्त फोनवरच्या फॉर्मने, आबुएलासारखीला ते लेकीशिवाय जमलंच नसतं, मग ज्यांना लेक नाही त्यांनी काय करायचं? वरचा चढ म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना एकत्र नेला, दोन गट करायला हवे होते. फोटोसाठी सतरा वेळा थांबवलं. आणि शेवटी सगळ्यांना गोल उभं करून मनोगतं, पोटात भूक आणि समोर तामाले.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजीत मधूनमधून सांगत होते, बाकी वेळ मी नुसती मान हलवत, इतर हसले की हसत होते. हे मी तक्रारीत धरत नाहीये. शेजारीण म्हणाली आता कळलं ना शाळेच्या मीटिंगला माझं काय होतं ते, त्यावर मी काय बोलणार.

असे ग्रुप आता बरेच झालेत, लॅटिनो आउटडोअर्स २०१३ पासून आहे, सप्टेंबरात लॅटिनो कॉन्झर्व्हेशन वीक, म्हणजे निसर्ग जपण्याचा आठवडा, असतो तेव्हा तर खूप वॉक असतात, आपल्या भागात शोधून बघा. मी पाचपैकी चार देईन, एक पाण्याचा कापला. पुढची वॉक समुद्रकाठच्या पॉइंट रेयेसला आहे म्हणे, म्हणजे राजांचं टोक, आबुएलाने नाव टाकलंय आणि नवे बूट पण घेतलेत. मी पण जाणार, पाणी घरून नेणार.