व्हिएतनामची स्लीपर गाडी: सहल आखायच्या आधी चादर बघा

हनोईत उतरायचं, ह्वे, दा नांग-होई आन, न्हा ट्रांग करत सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) गाठायचं आणि तिथूनच परतीचं विमान. हा मार्ग आता सगळ्यांना पाठ आहे, १,७२६ किलोमीटरची एकेरी मीटरगेज लाइन आहे हेही. त्यामुळे खिडकीतून काय काय दिसतं ते लिहीत नाही. लिहायचंय ते अंथरूण-पांघरुणाबद्दल, कारण ते कुणी सांगत नाही आणि माझ्या मते अख्खी सहल त्यावरच आखावी.

गाडी ज्या स्टेशनावरून सुटते तिथे गादीवर धुतलेली चादर असते. मधल्या स्टेशनावर चढलात तर आधीचा प्रवासी उतरून गेलाय, त्याच्या अंगाखालची चादर तशीच, पांघरूण पायथ्याशी गोळा केलेलं. उशीवर केससुद्धा. क्वचित अटेंडंटला दया येते आणि तो चादर बदलून देतो, पण त्यावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडे एसीत खाकी पाकिटातून चादरी मिळतात, त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा दा नांगला रात्री चढून बघावं.

म्हणून नियम एकच: रात्रीचा प्रवास गाडी जिथून सुटते तिथूनच, मधले टप्पे दिवसा बसून. हनोईहून एसई१, एसई३, एसई१९ या गाड्यांपैकी कोणतीही घ्या, सगळ्या तिथूनच सुटतात. संध्याकाळी निघून सकाळी ह्वे (६८८ किमी). दा नांग पुढे १०३ किलोमीटर आहे, पण ह्वेला उतराच. तुकड्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. एका तिकिटावर मध्ये उतरून दुसऱ्या दिवशी पुढे जाता येत नाही.

ह्वे ते दा नांग दिवसा, साधी सीट, अडीच-तीन तास. हाय व्हान घाट इथेच. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला. यासाठी स्लीपर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. मार्च २०२४ पासून या दोन शहरांत वेगळी हेरिटेज गाडी चालते, ती लांग को खाडीशी थोडा वेळ थांबते. होई आनला स्टेशन नाही. दा नांगहून ३० किलोमीटर, ॲपवरून गाडी बोलवा. स्टेशनाबाहेर हात धरून ओढणाऱ्यांचा दर निम्म्यावर आला तरी तो जास्तच असतो.

आता बर्थ. तिकिटावर एएनएलटी१ किंवा टी२ असेल तर चार बर्थच्या कप्प्यांचा डबा, बीएनएलटी१, टी२, टी३ असेल तर सहाचा. टी म्हणजे मजला, १ खालचा. जितकं वर तितकं स्वस्त. आधी मी खालच्याच बर्थचा आग्रह धरायचो, सामान खाली सरकवता येतं म्हणून. आता मत बदललंय. दिवस उजाडला की खालच्या बर्थवर सगळा डबा बसतो, मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ लावतो, सूर्यफुलाच्या बिया सोलतो आणि चादरीचं व्हायचं ते होतं. चारच्या डब्यातला टी२ स्वस्तही आणि स्वच्छही. गुडघ्यांची तक्रार नसेल तर तोच घ्या, चढायला भिंतीला घडीची छोटी पायरी असते. सहाच्या डब्यातला टी३ मात्र फुकट दिला तरी नको, तिथे बसताही येत नाही, फक्त सरपटता येतं.

हा कोड तपासाच. एका मध्यस्थ साइटने चारच्या डब्याचे पैसे घेऊन सहाच्या डब्याचं तिकीट पाठवलं. वर "क्लास उपलब्धतेनुसार" अशी मखलाशी, आणि फरकाची रक्कम म्हणे पुढच्या बुकिंगसाठी कूपन! कमिशन घेताना मात्र कूपन चालत नाही. आधी रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर प्रयत्न करा. परदेशी कार्ड अडलं तरच मध्यस्थ, आणि तिकीट हाती येताच डब्याचा कोड आणि पासपोर्ट नंबर जुळवून बघा. हनोई-दा नांग चारच्या डब्याला दहा-बारा लाख डाँगच्या आसपास पडतात. शेवटची तीन शून्यं काढून साडेतीनने गुणा, रुपये येतात. अगदी अचूक नाही, पण अंदाजाला पुरतं.

दा नांग ते न्हा ट्रांग (५२४ किमी, नऊ-दहा तास) हा खरा अडचणीचा टप्पा. हनोईहून आलेल्या गाडीत रात्री चढलात की तीच वापरलेली चादर. दा नांग-सायगाव अशी एसई२१-२२ ही वेगळी जोडी आहे, त्यातली एसई२१ दा नांगहूनच सुटते. तिची वेळ जमली तर उत्तम, नाहीतर दिवसभर सीटवर बसा किंवा न्हा ट्रांग गाळून दा नांगहून सायगावला विमानाने जा. न्हा ट्रांग गाळल्याने काही बिघडत नाही, समुद्र दा नांगलाही आहे. न्हा ट्रांग-सायगाव (४११ किमी) रात्रीसाठी न्हा ट्रांगहूनच सुटणारी एसएनटी गाडी शोधा.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर हा सगळा बेत बाजूला ठेवा. मध्य व्हिएतनामचा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई आनच्या गल्ल्यांत होड्या चालतात. लाइन एकेरी, एक दरड पडली की सगळं ठप्प. एप्रिल २०२४ मध्ये तर भर उन्हाळ्यात बाय जिओ बोगदा ढासळला आणि प्रवाशांना बसने पलीकडे नेऊन दुसऱ्या गाडीत बसवावं लागलं. परतीच्या विमानाआधी एक रात्र मोकळी ठेवा. मे महिन्यात मधला पट्टा कोरडा असतो, ऊन मात्र विदर्भाची आठवण करून देतं. चांद्र नववर्षाच्या आठवड्यात, म्हणजे जानेवारीअखेर-फेब्रुवारीत, तिकीट मिळणार नाही असंच धरून चाला.

शाकाहाऱ्यांनी डब्यातल्या ट्रॉलीवर विसंबू नये, भाजीतही माशाचा सॉस असतो. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, त्यावर नूडल्सचे कप चालतात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. सोबत स्वतःची पातळ सुती चादर आणि उशीचा अभ्रा घ्या, पाव किलोसुद्धा भरत नाही.

सायगावला रात्रीची गाडी पहाटे पोचते आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. बुकिंग करतानाच बॅगा ठेवायचं विचारून घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली मेट्रो सायगावच्या रेल्वे स्टेशनापर्यंत येत नाही, तिच्या भरवशावर राहू नका.