पॉक्सोची एक दिवसाची कार्यशाळा, फी 600 रुपये (जेवण धरून)

मागच्या रविवारी इथे नागपुरातच एका संस्थेची पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यावरची कार्यशाळा केली. मी घरी सातवी-आठवीच्या ट्यूशन घेते, मैत्रीण म्हणाली कलम 19 माहीत नसेल तर तूच अडकशील, म्हणून गेले. (मुलावर अत्याचार झालाय हे कळूनही पोलिसांना कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, मला खरंच माहीत नव्हतं.)

वकील मॅडम भारी शिकवतात. स्लाइड वगैरे नाही, सरळ आपल्याच गावची पेरूवाली केस घेतली. 2016 मध्ये एकाने 12 वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून घरात नेलं, खालच्या कोर्टाने पॉक्सोच्या कलम 8 (लैंगिक हल्ल्याची शिक्षा) खाली 3 वर्षं दिली, आणि जानेवारी 2021 ला हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ म्हणतं कपड्यावरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून पॉक्सो नाही, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं विनयभंगाचं कलम 354 लावा, 1 वर्ष. तेव्हा मला वाटलेलं जजला दया आली असेल. पण निकालातलं कारण असं की शिक्षा इतकी कडक आहे तर पुरावाही तेवढाच कडक पाहिजे! म्हणजे कमीत कमी 3 वर्षं हाच आकडा आरोपीच्या कामी आला. मग मॅडमनी आमच्याकडून कलम 7 (लैंगिक हल्ल्याची व्याख्या) मोठ्याने वाचून घेतलं, त्यात त्वचा हा शब्दच नाही. अ‍ॅटर्नी जनरल (केंद्र सरकारचे मुख्य वकील) सुप्रीम कोर्टात म्हणाले होते की असं असेल तर हातमोजे घालणारा सुटेल, नोव्हेंबर 2021 ला तो निकाल रद्द होऊन 3 वर्षं परत आली.

जेवणानंतरचा भाग अवघड गेला. 17 ची मुलगी आणि 19 चा मुलगा पळून गेले, संबंध आले, दोघांच्या मर्जीने, तरी पॉक्सोच लागतो आणि जजला किमान शिक्षेच्या खाली उतरता येत नाही. विधी आयोगाने (सरकारला कायद्यांवर सल्ला देणारा आयोग) 2023 मध्ये संमतीचं वय 18 च ठेवा म्हटलं पण 16 ते 18 च्या अशा केसेसमध्ये जजला थोडी मोकळीक द्या असंही म्हटलं, आणि मला ते पटलं, बाजूच्या काकांना अजिबात नाही, त्यांचं आपलं सगळ्यांना फाशी, प्रश्नोत्तरांची वीस मिनिटं त्यांनीच खाल्ली. (कोणी आवरलंही नाही.)

हँडआउट फक्त इंग्रजीत, अर्ध्या बायकांनी तसेच घडी करून पर्समध्ये टाकले, 600 घेता तर मराठी झेरॉक्स तरी द्या ना. एसी फुल, शाल न्या. पाचपैकी चार. वडाभात मस्त होता.