जुन्या डेस्कटॉपला एसएसडी, की ऑफिसातून निघालेला छोटा पीसी?

इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच ८१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. २०१४ च्या आसपास ज्यांनी घरी असेंबल्ड पीसी घेतला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे हाच डबा असणार, आणि अजून टेबलाखाली धूळ खात का होईना, चालू असणार. आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या घरात तोच होता. त्यावर चालणारी कामंही चारचौघांसारखी: सोसायटीच्या मेंटेनन्सचे हिशेब, मुलीचे प्रोजेक्ट, बायकोच्या क्लासच्या प्रश्नपत्रिका, मधूनच एखादा व्हिडिओ कॉल. गेम खेळणाऱ्यांनी आणि व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी इथूनच परतावं, कारण पुढचा हिशेब त्यांच्या कामाचा नाही.

पंधरा हजारांच्या आत भागवायचं, एवढंच ठरलं होतं. दोन पर्याय लगेच बाजूला पडले. नवीन असेंबल करायचं तर रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर बिनग्राफिक कार्डाचा भला पर्याय आहे. सहा कोर, घरकामाला पुरून उरतील. पण बोर्ड, रॅम, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपांची वेगवान डिस्क), एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा), कॅबिनेट असं सगळं धरून आकडा तीस हजारांच्या अलीकडे थांबत नाही. त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत. चिपा बनवणाऱ्या कंपन्यांना एआयच्या सर्व्हरांचं गिऱ्हाईक मिळालंय, तिथे तुमच्या-आमच्या ८ जीबीला कोण विचारतो? दुसरा पर्याय ऑनलाइन मिळणाऱ्या नव्या कोऱ्या मिनी पीसींचा, इंटेल एन१०० वाल्या. वीज अगदी नगण्य खातात आणि ब्राउझर, एक्सेल आरामात चालवतात. माझं मन दोन गोष्टींनी खाल्लं. एक, त्यातली रॅम एकाच चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेनं, चालते आणि बहुतेकांत स्लॉटही एकच असतो. दोन, निम्मे ब्रँड असे, की वॉरंटीत काही झालं तर कुरिअर करून वाट बघत बसायचं. कुणाला त्यात चांगला अनुभव आला असेल तर मी वाद घालणार नाही.

खरी लढत उरते ती जुन्या डब्यात एसएसडी आणि रॅम टाकणं आणि ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा छोटा पीसी, या दोघांत. मी दोन्ही वापरलेत.

आधी जुन्याची बाजू, कारण ती कमकुवत मुळीच नाही. हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी लावली की तोच पीसी ओळखू येत नाही. बटण दाबून चहा टाकायला जायची सवय मोडते. एच ८१ च्या बोर्डावर साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, चार पोर्ट असले तरी ६ गिगाबिटचे त्यातले दोनच. बहुतेक बोर्डांवर त्यांचा रंग वेगळा असतो किंवा शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एसएसडीची केबल तिथेच लावा. दुकानातला मुलगा घाईत कुठेही खुपसून देतो. रॅम डीडीआर ३ लागते. स्लॉट दोन, कमाल १६ जीबी. सेकंडहँड ४ किंवा ८ जीबीची पट्टी अजून स्वस्तात मिळते, कारण नव्या पीसीला ती चालतच नाही. तेवढ्यात बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदलून घ्या, म्हणजे दर वेळी घड्याळ मागे जायचं थांबेल. एवढं सगळं तीन-चार हजारांत माझं आटोपलं होतं.

नाही म्हणायला जुन्या डब्याचे लाड असतातच. आमच्याकडे खाडीची दमट हवा. पावसाळा लागला की एखाद्या सकाळी स्क्रीन काळी आणि आतून लांब बीप. मग बाजूचा पत्रा उघडायचा, रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून पोरीच्या कंपासमधला खोडरबर फिरवायचा, फुंकर मारून पट्टी परत बसवायची. दोन्ही बाजूंचे खटके ‘टक्’ वाजले पाहिजेत. की परत सुरू, पुढच्या पावसाळ्यापर्यंत. हे मला कधी त्रासाचं वाटलं नाही. उलट घरात जरा भाव मिळतो.

विंडोजचं दुखणं मात्र फुंकरीनं जात नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला, किंवा पैसे भरले, तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, म्हणजे आमचा डबा रीतसर बाद. आडवाटेनं टाकता येतं, टाकणारे भेटतातही, पण ज्या पीसीवरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर मला आडवाट नको होती. विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टीम, लिनक्स मिंट, हा चांगला मार्ग आहे. जुन्या आय-थ्रीवर ते छान पळतं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही चालतो. अडतं ते टॅली, जुन्या मराठी फॉन्टांत केलेल्या फायली आणि एखादा हट्टी प्रिंटर. ज्याचं या तिघांवाचून चालतं, त्यानं खुशाल जुनाच डबा ठेवावा.

एवढ्यावरूनही मी कदाचित वर्षभर ढकललं असतं. निकाल लावला तो आवाजानं.

आमचं घर सिडकोचं, दोन खोल्यांचं. कॉम्प्युटर हॉलमध्ये आणि रात्री हॉलमध्येच दिवाणावर आई झोपते. सोसायटीचं काम मला रात्री जेवणानंतरच जमतं. हार्ड डिस्क होती तोवर तिची कुरकुर चालायची आणि बाकीचे आवाज त्यात बुडून जायचे. एसएसडी लावली, कुरकुर गेली, आणि पहिल्यांदा नीट ऐकू आला तो एसएमपीएसचा पंखा. तो ब्लोअरनं साफ केला, बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. तर प्रोसेसरवरचा पंखा पुढे आला. त्याची पेस्ट बदलली, धूळ काढली, तेव्हा तोही गप झाला. मग कळलं की कॅबिनेटचा पातळ पत्राच लादीवर थरथरतोय. खाली पायपुसणं घातलं. थरथर गेली, घरघर राहिली. शेवटी एसएमपीएसच नवा आणला, तर त्याच्या पंख्याचा स्वर वेगळा, पण होताच.

आई कधी तक्रार करत नाही. नुसती कुशीवर वळते, पदर कानावर ओढते आणि थोड्या वेळानं विचारते, “झालं का रे तुझं?” त्यानंतर एक्सेलमध्ये लक्ष लागत नाही.

हे पंख्यांचं प्रकरण निव्वळ जुनेपणाचं नाही. त्या आय-थ्रीची उष्णतेची मर्यादा ५४ वॅट आणि त्यावर प्रोसेसरच्या खोक्यात मिळालेला छोटा पंखा. शिवाय एसएमपीएसचा वेगळा, कॅबिनेटचा वेगळा, असे तीन पंखे. ऑफिसच्या छोट्या पीसीत ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी टी असतो, उदाहरणार्थ आय-फाइव्ह ८५००टी, तो ३५ वॅटचा. कोर सहा. एसएमपीएस आत नसतोच, लॅपटॉपसारखा ॲडॉप्टर बाहेर असतो आणि त्याला पंखा नाही. पेटीत उरतो एक पंखा, तोही हिशेबाची कामं चालू असताना अगदी सावकाश फिरतो. तो चालू आहे हे बघायला मी हात मागे नेऊन हवा लागते का ते पाहिलं होतं. मे महिन्यात लांबलचक व्हिडिओ कॉल असेल तर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, हे कबूल करायला हवं. पण ते दिवसा, आणि तेव्हा माणसंच जास्त बोलत असतात.

हे पीसी येतात कुठून, तर आपल्याच आजूबाजूच्या ऑफिसांतून. महापे, ऐरोली, वागळे इस्टेट इथल्या कंपन्या ठरावीक वर्षांनी सगळे डेस्कटॉप एकगठ्ठा बदलतात आणि लॉट बाजारात येतो. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलीटडेस्क मिनी, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी ही त्यातली नेहमीची नावं. घेताना पिढी आधी बघा. सहाव्या-सातव्या पिढीचे आणि आठवीचे डबे दिसायला जवळजवळ सारखेच असतात आणि विकणारा नुसतं “आय-फाइव्ह आहे सर” म्हणतो. प्रोसेसरच्या आकड्याची सुरुवात ८ नं झाली पाहिजे. सातवीचा दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळेल, पण विंडोज ११ च्या दारात पुन्हा तोच अडथळा.

दुकानात उभ्या उभ्या तपासायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या चुकवू नका. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन पाहा. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर तो पीसी खाली ठेवून द्या, मग भाव कितीही पाडून मिळो. सेटिंग्जमध्ये विंडोज ॲक्टिव्ह दिसतंय का पाहा. या पेट्यांच्या बोर्डात बहुधा प्रो आवृत्तीची मूळ किल्ली असते, त्यामुळे वेगळे पैसे मागितले तर का, ते विचारा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. एसएसडी किती तास चालली आहे आणि तब्येत किती टक्के उरली आहे, हे ते अर्ध्या मिनिटात सांगतं. ॲडॉप्टर कंपनीचाच असावा. डेलच्या पेट्या ॲडॉप्टर ओळखून घेतात, आणि ओळख पटली नाही तर चालू होतानाच इशारा देऊन प्रोसेसरचा वेग उतरवतात. “ओरिजिनलसारखाच आहे” या आश्वासनाला तिथे अर्थ नाही. बिल जीएसटीचं घ्या. वॉरंटी तोंडी सांगतील, ती बिलावर लिहून मागा. मी ज्याच्याकडून घेतला त्यानं कुरकुरत का होईना, लिहून दिली.

वॉरंटीवरून आठवलं. जुना कॅबिनेट दुरुस्तीला न्यायचा म्हणजे रिक्षा, किंवा गर्दीची वेळ टाळून लोकल. कोपरखैरण्याहून ठाण्याला गाडी बदला, दादरला परत बदला, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारापर्यंत तो कवटाळून चाला. छोटा पीसी दीड किलोच्या आत असतो, ऑफिसच्या बॅगेत जेवणाच्या डब्याशेजारी बसतो. तपशिलाच्या तक्त्यात हा मुद्दा तुम्हाला सापडणार नाही, पण ट्रान्सहार्बर लोकलनं रोज जाणाऱ्याला मी काय म्हणतो ते कळेल.

आणखी एक फरक लाइट गेल्यावर कळतो. आमचा यूपीएस साधा ६०० व्हीएचा. आधी तो चिवचिवायला लागला की फाइल सेव्ह करून बंद करायची धावपळ. आता तोच यूपीएस, त्याच बॅटरीवर, पीसी आणि राउटर दोन्ही धरून बसतो. मीटर लावून काही मोजलेलं नाही. पण पावती छापून होते आणि मग मी सावकाश बंद करतो.

छोट्या पीसीच्या उण्या बाजू सांगितल्या नाहीत तर पक्षपात होईल. आत ग्राफिक कार्ड बसत नाही, तेव्हा घरात वाढत्या वयाचा मुलगा असेल तर पुढच्या भांडणाची तयारी ठेवा. डीव्हीडी ड्राइव्ह नाही. जुनी साडेतीन इंची हार्ड डिस्कही आत मावत नाही, फक्त अडीच इंची आणि एक एम.२ (थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी) एवढीच जागा. आमचे लग्नापासूनचे फोटो जुन्या डिस्कवर होते. ती मी वेगळ्या ॲडॉप्टरच्या बाहेरच्या केसिंगमध्ये घातली आणि महिन्यातून एकदा बॅकअपपुरती जोडतो. रॅम लॅपटॉपची लागते, डीडीआर ४. म्हणून शक्य तर १६ जीबी टाकलेलाच घ्या, नंतर सुटी पट्टी घेताना आताचा भाव जीवावर येतो. आणि बोर्ड गेला तर बाजारातला कुठलाही बोर्ड त्यात बसत नाही, तोच शोधावा लागतो. जुन्या असेंबल्ड डब्याचं हे एक मोठं सुख होतं, काहीही गेलं तरी काहीतरी बसायचं.

तेव्हा ज्यांच्याकडे कॉम्प्युटरसाठी वेगळी खोली आहे, विंडोजवाचून अडत नाही आणि खिशात सध्या तीन-चार हजारच आहेत, त्यांना मी छोटा पीसी घ्याच असं म्हणणार नाही. एसएसडी टाका आणि मजेत वापरा. बाकीच्यांना, विशेषतः ज्यांच्या हॉलमध्ये रात्री कुणी झोपतं त्यांना, मी आमच्या घरी येऊन मॉनिटरच्या मागे बांधलेली ती पेटी ऐकून जा म्हणेन. ऐकू येत नाही, तीच गंमत आहे.

मॉनिटर जुनाच ठेवणार असाल तर त्याच्या मागचं भोक आधी बघून घ्या. जुन्याला बहुधा निळा व्हीजीए असतो आणि या पेट्यांना डिस्प्ले पोर्ट. मधे बसणारा कन्व्हर्टर भाव ठरवतानाच मागून घ्या. पैसे दिल्यावर त्याचे वेगळे लावतात.